पूजेतला पाना

आमचे भावजी कोणतीबी वस्तू हातात घेतली की आधी तळव्यावर तोलून बघायचे. तांब्या असो, पळी असो, माझी लेक असो. तोलायचे आन म्हणायचे, "वैनी, वजन लय हाय." एकदा माझ्या पळीच्या दांड्याला त्यांनी ओळीनं भोकं पाडली. सासू म्हणली, "मेल्या, पळीची बासरी केलीस की रं!"

ते माझे धाकटे दीर. परभणीला कापसातली सरकी काढायच्या जिनात फिटर व्हते. कापसाचा हंगाम असला की काम, सरला की घरी. माझे मालकबी त्याच जिनात व्हते. पट्ट्यात सदरा गुतला आन गेले. तव्हापासून सासू, मी आन माझी लेक, आमी तिघी भावजींच्याच जिवावर. लग्नाचं काढलं की म्हणायचे, "नगं वैनी, वजन वाढतंय." मालक तसे गेल्यापासून मला मशीनीचा आवाजबी नगं वाटायचा. आन हे माणूस मशीनीबिगर जगत नव्हतं.

निजामाचं राज जाऊन दोन-तीन सालं झाली असतील. एका ठेकेदाराची फटफटी बाभळीखाली सडायली व्हती. कोंबड्या तिच्यावर अंडी घालायच्या. भावजींनी त्याचं पाण्याचं इंजिन दुरुस्त करून दिलं आन मजुरी म्हणून ती फटफटी ढकलत घरी आणली. सासूनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, पण तोंड वाकडंच.

त्याच साली जिनाच्या शेठनं दसऱ्याला फटफट्यांची शर्यत काढली. नाक्यापासून पेडगावापोतर जायचं आन माघारी यायचं. शेठ मालमोटारी घेणार व्हता. जो पहिला यील त्याला त्या मोटारींवर बारमाही ठिवतो म्हणला. भावजींच्या डोक्यात तेच बसलं. बारमाही काम म्हंजे चूल बारमाही.

मंग काय, फटफटी सोलायला सुरुवात. दिवा काढला, भोंगा काढला, मागचं कॅरेज काढलं. मडगाड काढलं, ते मी कोंबड्यांच्या पाण्याला ठिवलं. गादी काढून गोणपाट बांधलं. नवं सामान आणायची ऐपत नव्हती, म्हणून जे व्हतं तेच कमी करायचं. इंजिनाला एरंडाचं तेल चांगलं, असं त्यांना कोणतरी मिलट्रीतल्या माणसानं सांगितलं व्हतं. मी एरंड्या भाजल्या, कुटल्या, उकळून तेल काढलं. फटफटी चालू केली की सगळ्या आळीला तो वास. शेजारीण म्हणायची, "कोणाला जुलाब दिला गं?"

येका दिवशी त्यांनी पुढचा ब्रेक काढला. मी विचारलं, "आन थांबायचं कसं, भावजी?"

"मागचा हाय की."

"मागचा तुटला तर?"

"तर पेडगावच्या पुढं जाऊन थांबतो." हासले. मला हासू आलं न्हाई. जेवणबी निम्मं केलं त्यांनी. भाकरी वाढली की अर्धी माघारी द्यायचे, "मीच जड झालोय." मी ती अर्धी तशीच फडक्यात बांधून ठिवायची, की उद्या तरी खातील.

खांडेनवमीला सासूनं सगळी हत्यारं मांडली. पाने, हातोडी, कानस, विळा, खुरपं. हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला. आमच्यात एकदा मांडली की दसऱ्याचं सोनं लुटून येईपोतर हत्याराला हात लावायचा न्हाई. हत्यारालाबी इसावा पाहिजे म्हणतात. भावजींनी सगळं काम आदल्या दिशीच उरकलं व्हतं.

दसऱ्याच्या सकाळी ते फटफटी थोडी लांब फिरवून आले आन अंगणात खाली बसले. मागच्या ब्रेकचा नट ढिला झालता. बोटानं पिळला, फडकं लावून पिळला. बसंना. घरात बघितलं. सासू पूजेच्या ताटापाशीच बसलेली.

"माय, येकच पाना घेतो."

"हात लावू नको. घरातला येक गेलाय. अजून इघ्न आणतूस का?"

भावजी आईच्या शब्दाबाहेर न्हाई. उठले, तार आणून गुंडाळायला लागले. तारेनं बांधलेला ब्रेक कुठवर टिकंल? रांडमुंड बाईनं हळदकुंकवाच्या ताटाला शिवायचं नसतं, ते मला ठाऊक व्हतं. मी आत गेले. सासूच्या म्होरून पाना उचलला. ती माझ्याकडं बघतच राहिली. मी म्हणलं, "आत्याबाई, मला आता कुंकवाचं काय भ्या हाय?"

भावजींनी पाना घेतला. "वैनी, तुमी?" इतकंच बोलले. नट आवळला आन गेले.

आमचं घर पेडगावच्या रस्त्यालाच. तीन फटफट्या धुरळा उडवत गेल्या, एरंडाचा वास मागं राहिला. मंग आवाज बारीक झाला, मंग न्हाईच. मी कुडाला धरून हुभी. लय येळानं येक फटफटी आली, पाटलाच्या पोराची. मंग दुसरी, कंपाउंडरची. तिसरी येईना. सासू दारात येऊन हुभी राहिली.

मंग भावजी दिसले. पायी. फटफटी ढकलत. कोपर सोललेलं.

"वळणावर बैलगाडी आडवी आली," म्हणले. "सणाला निघालेली, लेकराबाळांनी भरलेली. ब्रेक मारला तर साखळी तुटली. पण ब्रेक सुटला न्हाई. थांबली वैनी. बैलाचा श्वास तोंडावर आला, इतक्यावर थांबली."

सासूनं त्यांना ओवाळलं. मंग माझ्याकडं न बघता म्हणली, "तो पाना धुऊन ठीव गं. तेलकट झालाय."

शेठनं मालमोटारीवर शर्यतीत नसलेलाच माणूस ठिवला. फटफटी मोडीत गेली. भावजी पुढं पूर्णेला रेल्वेच्या इंजिनावर कामाला लागले, लग्नबी केलं. पण दर खांडेनवमीला घरी यायचे. हत्यारं मांडायच्या आधी तोच पाना काढून माझ्या हातात द्यायचे. "हा पूजेत नगं वैनी. कोणाला कव्हा लागंल सांगता येत न्हाई." सासू बघून न बघितल्यावाणी करायची.

म्हातारपणी छातीच्या दुखण्यानं पडले. मी बघाया गेले. पाणी पाजाया मान उचलली, तर हातात वजनच न्हाई. ते बारीक हासून म्हणले, "झालो का न्हाई हलका?"

पाना माझ्यापाशी हाय. अजून हातात घेतला की जड लागतो. घरातल्या सगळ्याला भोकं पाडली त्यांनी, ह्याला कव्हा पाडलं न्हाई.