सुई प्रत्येक गाईला नवी

गेल्या शनिवारी सकाळी वॉल्टरकाकांच्या रँचवर पोहोचले, तेव्हा त्या आठवड्यातली तिसरी गाय कुरणात मरून पडली होती...

नवीन मंडळींसाठी सांगते. मी मूळची परभणीची, जनावरांची डॉक्टर. सध्या दक्षिण ओक्लाहोमातल्या एका क्लिनिकमध्ये बीफच्या गाईंचे कळप बघते. हो, बीफच्या. त्यावरून टेक्सासमधल्या प्लेनोच्या गणपतीत मला बरंच ऐकवून झालंय. आजारी जनावर समोर आलं की मला त्याचा आजार दिसतो, बस.

वॉल्टरकाका सत्तरीचे आहेत. 'काका' मी मनातल्या मनात लावते. गाईंनी काहीतरी विषारी खाल्लं, अशी त्यांची खात्री होती. तेवढ्यात एक गाय माझ्या अंगावर धावून आली आणि चार पावलांतच धापा टाकत थांबली...

तिला अजिबात पळवू नका म्हटलं. हळूहळू खोड्यात, म्हणजे गाय अडकवायच्या लोखंडी चौकटीत घेतली. हिरड्या पांढऱ्याफटक, डोळ्यांत पिवळेपणा. रक्त काढलं तर पाण्यासारखं पातळ.

ॲनाप्लाज्मोसिस. याचा जिवाणू रक्तातल्या तांबड्या पेशींत शिरतो आणि गाय आतून रिकामी होत जाते. गोचीड आणि चावणाऱ्या माश्या तो पसरवतात... आणि एका गाईला टोचलेली सुई तशीच पुढच्या गाईला टोचली, तर तीही.

सॅम्पल लॅबसाठी भरलं, औषध सुरू केलं. पण इतक्या गाई एकदम कशा? हल्ली काही टोचलं होतं का, असं विचारलं. काका म्हणाले, महिन्यापूर्वी अख्ख्या कळपाला लस दिली... तुमच्याच डॉक्टरांनी.

म्हणजे माझ्या बॉसनी. आणि बॉस सुई कधी बदलतात ते मला माहीत होतं. ती वाकली की. मी पूर्वी दोनदा बोलले होते, तेव्हा हसून म्हणाले होते की इथे सगळे असंच करतात.

ट्रकमध्ये बसून त्यांना फोन केला. ते म्हणाले, माश्यांमुळे झालं असं सांग, ते काही खोटं नाही. मी म्हटलं, पण अर्धंच खरं आहे. त्यावर अगदी शांतपणे म्हणाले, "तुझ्या व्हिसाचं एक्स्टेंशन याच महिन्यात फाइल करायचंय ना?"

माझा व्हिसा क्लिनिकवर अवलंबून, नवऱ्याचा, निखिलचा, माझ्यावर. पुण्यातली चांगली नोकरी सोडून तो माझ्यामागे इथे आलाय. त्याला फोन केला... भीतीने कमी, रागाने जास्त. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू खरं ते सांग. बॅगा भरायला मला फार वेळ लागत नाही."

परत खोड्याशी आले, तर काकांचं ठरत होतं की उरलेल्या धडधाकट गाई सोमवारी बाजारात नेऊन विकायच्या. म्हणजे तोच जिवाणू आणखी कुणाच्या तरी कुरणात जाणार.

मी म्हटलं, "टेस्ट होईपर्यंत एकही गाय विकू नका. चांगल्या दिसतात त्यांच्या रक्तातही हे असू शकतं. रिपोर्ट यायचाय, पण हे सुईतून पसरलं असा मला दाट संशय आहे... आमच्या सुईतून."

काकांनी हॅट काढली आणि कुरणाकडे बघत राहिले. मला वाटलं, आता वकील, कोर्ट, आरडाओरडा. पण त्यांची बायको, जून तिचं नाव, फाटकाशी उभी होती. तिने एकच विचारलं, "मग आमच्यानंतर त्या डॉक्टरांनी आणखी कोणाच्या कळपांना टोचलं?"

ती घरात गेली आणि एकेका शेजाऱ्याला फोन लावत बसली. संध्याकाळपर्यंत मला तीन रँचवरून फोन आले... आमच्याही गाई बघायला या म्हणून.

सोमवारी बॉसनी केबिनमध्ये बोलावलं. मी क्लिनिकचं नाव घालवलं म्हणाले, मला काढून टाकायला हवं म्हणाले. मी बसले नाही. म्हटलं, "काढा. पण मी इथे आहे तोवर प्रत्येक गाईला नवी सुई लागेल. आणि कोणी विचारलं तर का, तेही सांगणार."

बुधवारी लॅबचा रिपोर्ट आला. तेच निघालं.

काल शेजारच्या रँचवर लस द्यायची होती. त्यांनी मला बोलावलं होतं, पण बॉसही आले. तिथला एक म्हातारा काउबॉय कुरकुरत होता की हे असं एकेक सुई बदलत बसलात तर अंधार पडेल. मी म्हटलं, पडू दे.

बॉस खोड्याच्या पलीकडे उभे होते. माझ्याकडे बघितलं नाही, सॉरी तर नाहीच. पण मी गाईच्या मानेवरून हात काढला की नव्या सुईचं पाकीट फोडून ती माझ्यासमोर धरायचे. शेवटच्या गाईपर्यंत...

त्याला मी अजून माफी मानलेलं नाही. माझे व्हिसाचे पेपर आज सकाळपर्यंत त्यांच्या टेबलावरच होते. गेले तर ठीक, नाही गेले तर परभणीतही गाई आहेत आणि गोचिडी तर भरपूर आहेत.

वॉल्टरकाकांच्या आणखी दोन गाई गेल्या, बाकीच्या चरायला लागल्यात. जूनमावशी (हो, आता तीही मनातल्या मनात मावशी झालीय) हे कधी वाचणार नाही. पण त्या दिवशी फाटकाशी तिला आधी शेजाऱ्यांच्या गाई आठवल्या, आणि त्यानंतर मला कशाचीच भीती वाटली नाही. थँक यू, मावशी.