चालेल म्हणणारी भाची

आमच्या घरात माझ्या भाचीला तिच्या नावानं कुणी हाक मारत नाही. लहानपणापासून ती 'चालेल'. चहा हवा की दूध? चालेल. खिडकीजवळ बसतेस की दाराजवळ? चालेल. मी शिवणकाम करते, त्यामुळे तिचे सगळे कपडे माझ्याच मशीनखालून गेलेले. एकदा तिचा फ्रॉक काखेत इतका घट्ट झाला की संध्याकाळी काढताना लाल वळ दिसले. "सकाळीच का नाही बोललीस गं?" तर म्हणे, "चालत होतं की." मला असा संताप आला होता. तिचा नव्हे, तिच्या त्या गरीबपणाचा.

बारावीनंतर हव्या त्या शाखेत जागा उरली नव्हती, सिव्हिल इंजिनीअरिंग मिळत होतं. माझी ताई, म्हणजे तिची आई, घाबरत म्हणाली, "उन्हात उभं राहावं लागेल हं." आमची म्हणाली, चालेल. मी कपाळावर हात मारला.

गंमत अशी झाली की तिला ते मनापासून आवडायला लागलं. कॉलेजात सुरुवातीला गटातली मुलं काँक्रीट कालवायची आणि ही आकडे लिहायची, कारण कुणीतरी तिच्या अक्षराचं कौतुक केलं होतं. एक दिवस प्रयोगशाळेच्या मॅडमनी वही काढून घेतली आणि हातात सळई दिली. त्या दिवशी नखांत सिमेंट घेऊन आली आणि जेवताना एकटीच बडबडत होती. पुढं तिच्याबरोबर रस्त्यानं जाणं म्हणजे डोक्याला ताप. पूल दिसला की वाकून खालून बघायचं. माझ्या दुकानातल्या भिंतीच्या तड्याला तिनं पेन्सिलीनं खुणा केल्या, तो वाढतोय का बघायला. गिऱ्हाइकांना मी सांगायची, आमच्याकडे भिंतीचीही मापं घेतात.

पदवी झाली आणि एका कंपनीत लागली. दवाखान्याची इमारत बांधत होते. आधी उमेदवारी, मग कायम करायचं की नारळ द्यायचा ते साहेब ठरवणार. ताई देव पाण्यात घालून बसली होती. उमेदवारी संपत आली तेव्हाची ही गोष्ट. तिनं ती मला त्याच संध्याकाळी दुकानातल्या स्टुलावर बसून सांगितली.

तळमजल्याचे खांब भरायचे होते. काँक्रीटचा पहिलाच ट्रक वाहतुकीत अडकून फार उशिरा आला. माल ओतण्याआधी त्यातला थोडा पत्र्याच्या साच्यात ठासून भरतात आणि साचा अलगद वर उचलतात. माल जरासा खचून उभा राहिला तर ठीक. हा साफ आडवा पसरला. वाटेत घट्ट होऊ नये म्हणून ड्रायव्हरनं त्यात पाणी ओतलं होतं, आणि जास्त पाण्यानं खांब कच्चा राहतो. हिनं पुन्हा साचा भरला. पुन्हा तेच.

"थोडंसं पाणी आहे ताई, चालेल ना?" ड्रायव्हर हसून म्हणाला. माणसं सकाळपासून खोळंबलेली, मुकादम घड्याळ बघतोय. साहेबांना फोन लावला तर ते मीटिंगमध्ये. "तू तिथं आहेस, तू बघ. पण काम थांबता कामा नये." म्हणजे निर्णय तिचा आणि बोलणीही तिलाच.

"मावशी, तोंडात आलंच होतं गं 'चालेल'," ती मला म्हणाली. "मग त्या खांबांवर काय येणार ते आठवलं. वर बाळंतिणींचा वॉर्ड आहे."

"नाही चालणार," तिनं ड्रायव्हरला सांगितलं. "परत न्या." आवाज चिरकला होता, हेही तिनंच सांगितलं. मुकादम म्हणाला, "नवीन आहात म्हणून सांगतो, असं केलंत तर इथं टिकणार नाही." ट्रक फाटकाबाहेर जाईपर्यंत ती तिथंच उभी राहिली. त्या दिवशी खांब भरलेच नाहीत. साहेबांनी संध्याकाळी फक्त निरोप धाडला, सकाळी येऊन भेट.

"उद्यापासून काज-बटणं करायला येऊ का तुझ्याकडे?" तिनं विचारलं.

"ये. पण सरळ शिवलंस तरच ठेवीन."

वरवर थट्टा केली, पण माझे डोळे भरून आले होते. नोकरी गेली तर गेली, आमच्या पोरीला कंठ फुटला होता.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी आधी तिला चांगलं झापलं. ट्रक परत पाठवलास ते लगेच का नाही कळवलंस, दुसरा मागवला असता. बरोबरच होतं त्यांचं. मग म्हणाले, यापुढं माल आला की आधी तू बघायचा. महिनाअखेरीला कायम केलं. मुकादम अजून तिच्याशी तुटक बोलतो, पण ट्रक आला की हाक तिलाच मारतो.

परवा मी तिला कामावर घालायला जाड कापडाची पँट शिवली. ती आरशासमोर उभी राहिली. मी दोरा तोडत सवयीनं विचारलं, "झाली ना नीट?"

"नाही मावशी. खिशात टेप बसत नाही आणि गुडघ्यात वाकता येत नाही. उसवावी लागेल."

माझं शिवण कुणी परत आणलं की मी दिवसभर फणफणत असते. त्या दिवशी चष्मा लावला, कात्री घेतली आणि एकेक टाका आनंदानं उसवत बसले.