रेडिओवर गेलेलं वजं

खाणी बंद पडल्या तेव्हा मी नववीत होते. बाबा मालकाचा ट्रक चालवायचे, शिरगावच्या बाजूने खनिज भरायचं आणि धक्क्यावर ओतायचं. आम्ही मूळचे दोडामार्गाकडचे, या ट्रकपायीच डिचोलीला आलो आणि दोन खोल्यांत भाड्यानं राहिलो. वाळत घातलेल्या कपड्यांवर लाल धूळ बसायची म्हणून आई रोज कुरकुरायची. मग एक दिवस धूळ बसायची थांबली आणि घरातलं जेवणही आटत गेलं. सकाळी पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलीचा भोंपू वाजायच्या वेळेला आई मला आणि धाकट्या बहिणीला मागल्या परसात काहीतरी आणायला पाठवायची. गरम पाव दारावरून पुढे गेला की आम्हाला आत बोलवायची. तिला वाटायचं, आम्हाला कळत नाही.

मालकानं शेवटी ट्रक भंगारात काढला. बाबांनी त्यातला रेडिओ तेवढा मागून घेतला, स्वयंपाकघरात फळीवर बसवला आणि पर्वरीला एका इमारतीवर वॉचमन म्हणून लागले. आई आमच्या वाड्यावरच्या एका काकीकडे भांडी घासायला जाऊ लागली.

त्या काकीनं आम्हाला वर काढलं, हे आधीच सांगून टाकते.

काकीच्या थोरल्या मुलीची लग्नानंतरची पहिली गणेशचवथ होती आणि काकीचा हात नेमका प्लास्टरमध्ये. वजं कोण करणार? लेकीच्या पहिल्या चवथीला माहेराहून सासरी फराळ जातो, त्याला आमच्याकडे वजं म्हणतात. नेवऱ्या म्हणजे करंज्या, लाडू, चकल्या, खाजं, वर नारळ आणि केळी. सासरची माणसं तो शेजारीपाजारी वाटतात आणि घरोघरी नेवरी मोडून बघितली जाते. मुलीच्या आईच्या हाताची ती परीक्षाच असते. त्यामुळे वजं विकत आणलं, असं कुणी कधी म्हणत नाही.

काकी स्टुलावर बसून सांगत गेली आणि आईनं सगळं केलं. नेवरीची मुरडसुद्धा काकीच्या घरची घातली, बारीक आणि टोकाला उलटी वळवलेली. वजं गेलं, वाखाणलं गेलं. काकीनं मग ही गोष्ट आपल्या जावेच्या कानात सांगितली, जावेनं बहिणीच्या. करता करता दहा-बारा घरं झाली. काकीनं आपली पितळेची मोठी काहील आईला वापरायला देऊन टाकली. म्हणाली, "माझ्याकडे आता कोण एवढं तळतंय?"

आईची कामाची रीत ठरलेली होती. ती मागल्या दारानं जायची, त्या घरचेच डबे घेऊन यायची आणि भरून त्याच दारानं पोचवायची. पहिला प्रश्न नेहमी एकच, "तुमच्या घरची मुरड कशी गो?" कुणाची जाड, कुणाची दोरीसारखी पिळलेली, कुणाकडे नुसती फिरकीनं कातरलेली. सगळ्या मुरडी तिच्या बोटांत होत्या. तिला लिहिता येत नव्हतं. वहीत ती नावांऐवजी चित्रं काढायची, घराला तुळस असली तर तुळस, विहीर असली तर विहीर. आकडे तेवढे यायचे, म्हणून चित्रापुढे फोन नंबर.

मी शिकले ते या नेवऱ्यांवर. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी अजून मान वर करून सांगते. बी.कॉम. झाले आणि म्हापशाला गाड्यांच्या शोरूममध्ये नोकरीला लागले. तिथं बघितलं, आमची जाहिरात रेडिओवर वाजली की दुसऱ्या दिवशी फोन खाली ठेवायला मिळत नाही. लोक येऊन जाहिरातीतली ओळ आम्हालाच गाऊन दाखवायचे. माझ्या डोक्यात एकच विचार घोळायला लागला. माझ्या आईचं नाव कुणी का घेऊ नये? चार तालुक्यांत तिच्या हातचं खातात आणि ती पदर डोक्यावर घेऊन मागल्या दारानं आत जाते.

एकदा मी तोंडावर बोलले. "किती वर्षं अशी चोरासारखी जाणार तू?"

आई पारी लाटत होती. "मी मागल्या दारान जातंय म्हणान त्येंच्या पुढल्या दाराची इज्जत ऱ्हवता," ती म्हणाली. "तुका नाय कळाचा."

"मला नाही कळणार? मी बी.कॉम. आहे!"

"तांच तर सांगतंय," आई म्हणाली आणि बाबा खोकल्यासारखं करून हसले.

चवथीला तीन आठवडे असताना मी पणजीला रेडिओवाल्यांच्या ऑफिसात गेले. पगारातून साठवलं होतं, ते सगळं घातलं. तीस सेकंदांची जाहिरात, चवथीच्या तीन दिवस आधी सुरू होणारी, दिवसातून सहा वेळा. शब्द मीच लिहिले. आधी आरतीतलं घुमट वाजणार, मग बाईचा आवाज, "लेकीच्या वज्याची काळजी आता सोडा..." पुढे आईचं नाव आणि आमचा नंबर. त्याच पॅकेजमध्ये एक प्रमोशनही होतं. पहिल्याच दिवशी सकाळच्या कार्यक्रमात निवेदिका आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाला थेट फोन लावणार, चार शब्द बोलणार आणि भेटीची टोपली जाहीर करणार.

"त्यांना आधी सांगाल ना?" निवेदिकेनं मला विचारलं होतं. "आणि थोडी माहिती द्या, म्हणजे बोलायला बरं पडतं."

"सांगते ना," मी म्हटलं. वहीतल्या तुळशीपुढचा नंबर दिला. काकीचा. तिच्या धाकट्या मुलीचं लग्न वैशाखात पेडण्याला झालं होतं आणि यंदा तिचं वजं आईच करत होती, तेही सांगितलं.

काकीला मी सांगितलं नाही. विसरले असं म्हणायची सोय आहे, पण ते खोटं होईल. मला वाटलं, अचानक फोन आला तर किती खूश होईल! रेडिओवर आपला आवाज कुणाला नको असतो? आणि आईला कळलं असतं तर तिनं मोडता घातला असता, हेही मनात होतं.

चवथीच्या आधी तीन दिवस. वजं आदल्या दिवशीच पेडण्याला पोचलं होतं. आई काहिलीसमोर होती, बाबांची सुट्टी होती. मी रेडिओचा आवाज वाढवला. "ऐक गं आता, गंमत आहे."

निवेदिका गोड हसली. मग फोनची रिंग आणि काकीचा आवाज, "हॅलो, कोण?"

"काकी, तुम्ही आत्ता रेडिओवर आहात! तुमच्या लेकीचं पहिलं वजं यंदा पेडण्याला गेलं म्हणे, आमच्या या डिचोलीच्या ताईंकडून! कशा होत्या नेवऱ्या?"

काकीच्या भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक मला ऐकू आली असं अजून वाटतं. मग ती हळू म्हणाली, "बऱ्या होत्या." आणि फोन ठेवला.

रेडिओवर टाळ्या वाजल्या. त्या रेकॉर्ड केलेल्या होत्या.

आईनं गॅस बंद केला. झारा तसाच तेलात राहिला. "काय केलंस गो तू?" ती म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

ती तशीच काकीच्या मागल्या दाराला गेली. दार आतून लावलेलं होतं. बराच वेळ पायरीवर बसून ती परत आली आणि उरलेल्या घरांच्या नेवऱ्या तळायला घेतल्या. त्यातल्या चार घरांनी संध्याकाळपर्यंत माणूस पाठवून आपले डबे रिकामे परत नेले.

पेडण्याला काय झालं, ते चवथ झाल्यावर कळलं. मुलीच्या सासूनं वजं वाटलं. रीत मोडली नाही तिनं. पण सुनेला बरोबर घेऊन दारोदार गेली आणि प्रत्येक दारात म्हणाली, "घ्या, आमच्याकडे रेडिओवरचं वजं आलंय! विहीणबाईंना वेळ नव्हता." पोर टोपली धरून मागे उभी. अकरा घरं. काकीनं मला हे पुढल्या दारात उभं राहून सांगितलं, मी काहील परत द्यायला गेले तेव्हा. काहील तिनं मागितली नव्हती, आईनंच घासून लख्ख करून माझ्याबरोबर पाठवली होती.

"काकी, माझं चुकलं," मी म्हटलं.

"कॉलेजांत हें शिकयलां तुका?" एवढंच तिनं विचारलं. काहील आत नेली नाही. ओट्यावर ठेवायला सांगितली.

तेव्हा मला राग आला होता, हेही लिहायला हवं. वाटलं, विकत घेतलं तर विकत घेतलं म्हणा ना, त्यात लाज कसली? आमच्या कष्टाची तुम्हाला लाज! हे मला आजही चूक वाटत नाही. पण ते ठरवायचं काकीनं होतं. ज्या पोरीला अकरा दारांत उभं राहायला लागलं, तिनं ठरवायचं होतं. मी त्यांच्या वतीनं ठरवलं आणि वर जाहिरात केली.

जाहिरात मात्र चालली. पर्वरी, पणजी, मडगाव, सगळीकडून फोन आले. फ्लॅटमधल्या नोकरदार बायका, ज्यांना लपवायचं काही नव्हतं. त्या मुरडीबद्दल विचारत नाहीत, किलोनं मागतात. पुढल्या वर्षी मी नोकरी सोडली, बाजारात भाड्यानं गाळा घेतला. नेवऱ्या आता साच्यात होतात, सगळ्या एकसारख्या. आई गल्ल्यावर बसते. एकदा मी तिला म्हटलं, काकीची मुरड मला शिकव. म्हणाली, "ती तिच्या घरची आसा. तुका कित्याक?"

त्या दहा-बारा घरांतलं एकही परत आलं नाही. काकी भाजी घ्यायला बाजारात येते, समोरच्या बाजूनं चालत जाते. आई गल्ल्यावरून उठून उभी राहते आणि काकी वळेपर्यंत उभीच असते.

दुकान आता भाड्याचं नाही, आमचं आहे. दहा बाया कामाला आहेत. बाबांनी वॉचमनची नोकरी सोडली. बहीण कॉलेजात आहे. जाहिरात दर चवथीला लागते, पण गिऱ्हाइकाला फोन लावायचं प्रमोशन मी घेत नाही. डिचोलीच्या बाजारात आईच्या नावाची पाटी आहे आणि ती मी लावली आहे.