बारमाही विहीर

माझं अक्षर चांगलं. शिक्षक म्हणून माझ्यात तेवढंच चांगलं होतं, बाकीचं माझ्या विद्यार्थ्यांना विचारा. त्या अक्षरापायी नव्वदच्या दशकात एका हिवाळ्यात अंबडच्या तहसील कचेरीनं मला टंचाई आराखडा लिहायला बसवलं. पाऊस वर्षागणिक बिघडत चालला होता. कोणत्या गावची विहीर कधी आटते ते आधीच लिहून ठेवायचं, म्हणजे उन्हाळ्यात टँकर वेळेवर लावता येतो. काम शहाणपणाचं होतं, आणि ते आपल्याला दिलं म्हणून मी फुगून गेल्तो.

आमच्या गावाची ओळ लिहायच्या आधी काकांनी गाठलं. "आपली विहीर बारमाही लिही."

"काका, ती होळीलाच आटती."

"मला सांगतो का? धाकट्याची सोयरीक चालू हाय. बिगरपाण्याच्या गावात पोरगी कोण देतंय? तुला मिळाली ते नशीब समज."

लिहिलं. बारमाही. वळणदार.

चुलतभावाचं लग्न झालं. होळीनंतर विहिरीत चिखल उरला. टँकर आमच्या वेशीवरून धूळ उडवत शेजारच्या गावाला जायचा, आणि घरची नवी सून कोसभरावरच्या मळ्यातून घागरी वाहायची. मी तावातावानं कचेरीत गेलो. "माणसं मरायची वाट बघून राह्यले का तुम्ही?"

कारकुनानं आराखडा माझ्यापुढं सरकवला. "गुरुजी, अक्षर ओळखीचं वाटतं का?"

त्याचा संताप आला, अजून येतो. विहिरीत डोकवायला त्यांच्यातलं एक माणूस आल्तं न्हाई. मी खोटं लिहिलं, त्यांनी न बघता शिक्का मारला. दुरुस्ती करा म्हणालो, तर आधी अर्ज, मंग पाहणी, मंग मंजुरी. तोवर आषाढ उजाडला असता.

घरी येऊन अर्ज लिहायला बसलो आणि लिहितालिहिता काकांवर ओरडलो. काका तंबाखू मळत म्हणाले, "हळू बोल. व्याही आलेत."

व्याही ओसरीवरच होते, लेकीला भेटायला आलेले. तेवढ्यात तीच घागरी घेऊन आली. पदरानं तोंड पुसलं, बापाला तांब्याभर पाणी दिलं. मी कागद घडी करून खिशात घालायला लागलो. आयुष्यभर तेच करत आलोय.

"दादा," ती म्हणाली, "काय लिहिलंय ते मोठ्यानं वाचा."

काकांचा हात थांबला. मी कागद उलगडला. "आमच्या गावची विहीर होळीपासून कोरडी आहे. दरवर्षी असते."

व्याह्यांनी तोंडाला लावलेला तांब्या खाली ठेवला आणि लेकीच्या डोक्यावरची चुंबळ बघत राहिले.