कार्डावरची मुलगी

आम्ही दोघी बहिणी. अक्का माझ्याहून दीड-दोन वर्षांनी मोठी. आमचे वडील सहकारी साखर कारखान्यात टाइम ऑफिसला कारकून होते. कामगारांची हजेरी, पाळ्या, रजा, हे त्यांचं काम. मूळ गाव ईटच्या बाजूला, पण बाबांना नोकरी लागली आणि आम्ही कारखान्याच्या चाळीत राहायला आलो. भावकीत पगारी नोकरीला लागलेले ते पहिलेच. आजोबांनी धम्म घेतला तेव्हा बाबा शाळकरी होते. पुढं ते वसतिगृहात राहून शिकले. कागदावर त्यांचा फार विश्वास. आपल्या माणसांचं कुठं काही लिहिलेलंच नव्हतं, म्हणून कुणीही यायचं आणि कायबी सांगायचं, असं ते म्हणत.

कारखान्याचा स्वतःचा दवाखाना होता. चार खाटा, एक ड्रेसिंगची खोली आणि बाहेर सिमेंटचा बाक. सुरुवातीला तिथं एक म्हातारे डॉक्टर होते. सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन आलेले. त्यांच्याकडं एक जाडजूड वही असे, आलेल्या माणसाचं सगळं ते तीत लिहीत. पण वही उघडायची वेळ क्वचितच येई, कारण चाळीतली माणसं त्यांना चेहऱ्यानं माहीत होती. अक्काला एकदा पाठीत गळू झालं तेव्हा त्यांनीच तिला पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं. सुई काढली नाही तोवर तिचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, श्वास लागेना. डॉक्टरांनी लगेच दुसरं इंजेक्शन दिलं आणि संध्याकाळपर्यंत तिच्या खाटेजवळून हलले नाहीत. निघताना आईला म्हणाले, "बाई, हे औषध हिला विष आहे. पुन्हा चुकूनसुद्धा द्यायचं नाही. मी लिहून ठेवलंय."

आईनं घरी येऊन बाबांना सांगितलं. औषधाचं नाव काही तिच्या तोंडात बसेना. बाबा म्हणाले, "त्यांनी लिवलंय ना? मग झालं."

म्हाताऱ्या डॉक्टरांना पुढं डोळ्यांचा त्रास सुरू झाला आणि ते मुलाकडं निघून गेले. त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टर आले. त्याच सुमारास संचालक मंडळी कुठंतरी दुसऱ्या कारखान्याचा दवाखाना बघून आली आणि आमच्याकडं कार्डं सुरू झाली. लोखंडी कपाट, त्यात खण, खणात कार्डं. कामगाराचा जो हजेरीचा नंबर तोच कार्डाचा नंबर. नंबर सांगितला की कंपाउंडर हात घालून कार्ड काढायचा, वही चाळत बसायला नको. पाहुणे आले की त्यांना आधी गाळपाचे रूळ दाखवायचे आणि मग हे कपाट. बाबांना त्याचं फार अप्रूप होतं. आमचा नंबर त्यांनी आम्हां तिघींकडूनही पाठ करून घेतला होता.

कार्डं छापून आली होती ती अशी: एक कामगाराचं, एक पत्नीचं, एक मुलाचं, एक मुलीचं. वर कामगाराचं नाव आणि नंबर, खाली नातं. ज्याला दोन मुलगे त्यांचं दोघांचं एकाच कार्डावर. उपचारांचा खर्च कामगाराच्या खात्यावर टाकायला एवढी माहिती पुरत होती, आणि कार्डं त्या हिशेबानंच केलेली होती. म्हाताऱ्या डॉक्टरांच्या वहीतलं जुनं कार्डांवर उतरवायचं ठरलं होतं. थोडंफार उतरवलंही. मग गळीत हंगाम आला, उतरवणारा माणूस ऊस मोजायच्या काट्यावर गेला आणि वह्या बांधून पोत्यांच्या गोदामात ठेवल्या.

त्या वर्षी माझा घसा धरला. ताप उतरेना. नव्या डॉक्टरांनी मला पेनिसिलिन दिलं, तीन-चार दिवस रोज एक. आई तेव्हा ईटला बाळंतपणाला गेलेली, मावशीच्या. मला बाबा सायकलवर घेऊन जायचे. मी बरी झाले. हे सगळं आमच्या नंबरच्या 'मुलगी' कार्डावर नीट लिहिलं गेलं.

दुष्काळही त्याच वर्षी सुरू झाला. पहिल्या वर्षी ऊस वाळला, दुसऱ्या वर्षी लावलाच नाही कुणी. चिमणीतून धूर यायचा थांबला. रोजंदारीवरची माणसं खडी फोडायला गेली, कायम माणसांना अर्ध्या पगारावर बसवलं. बाबा तरीही रोज इस्त्रीचा सदरा घालून ऑफिसला जायचे आणि कुणीच नसलेल्या हजेरीच्या खिडकीत बसायचे. चाळीतली बोअर आटली. दुपारी टँकर यायचा. तो आला की भांडी, पिंपं, घागरी घेऊन सगळी चाळ धावत सुटायची.

त्या दिवशी मी आणि अक्का दोघी गेलो होतो. टँकरच्या मागं रेटारेटी झाली, कुणाचं तरी पत्र्याचं पिंप कलंडलं आणि त्याची फुटकी कड अक्काच्या नडगीतून खाली पोटरीपर्यंत गेली. रक्त बघून बायका बाजूला झाल्या. आई ओटा सोडून पळत आली. शेजारच्या दोघांनी अक्काला उचललं. जाता जाता आई मला म्हणाली, "तू पाणी भर. दोन्ही घागरी भरून आन. ह्ये पाणी गेलं तर उद्यापतूर न्हाय." अक्कासुद्धा म्हणाली, "भर गं, मला काय होत न्हाय." म्हणून मी थांबले.

पुढचं मी पाहिलं नाही. आईनं सांगितलेलं आहे. तिनं ते आयुष्यभर सांगितलं, एकही शब्द न बदलता.

डॉक्टरांनी जखम धुतली, टाके घातले. जखम खोल होती, पिंप गंजकं होतं, म्हणून इंजेक्शन द्यायचं म्हणाले. आई म्हणाली, "डाक्टर, हिला सुई सोसत न्हाय."

"कसली सुई?"

"नाव न्हाय ठावं. अंग सुजलं हुतं. त्या म्हाताऱ्या डाक्टरांनी लिवून ठेवलंय."

डॉक्टरांनी कंपाउंडरला कार्ड काढायला सांगितलं. नंबर आईनंच सांगितला. कार्ड आलं. डॉक्टरांनी ते वाचलं, उलटून पाहिलं, पुन्हा वाचलं. त्यांनी घाई केली असं आई कधीही म्हणाली नाही. ते आईला म्हणाले, "आई, तुमची काहीतरी गल्लत होतेय. हेच औषध मागच्या वर्षी मीच हिला दिलंय, लागोपाठ. काही झालं नव्हतं. हे बघा, इथं लिहिलंय."

आईला वाचता येत नव्हतं. पण तिनं कार्डाकडं पाहिलं. वर बाबांचं नाव होतं, तेवढं तिला ओळखू येई. अक्का टाक्यांच्या कळेनं अर्धवट ग्लानीत होती, तिला कुणी काही विचारलं नाही. मागच्या वर्षी आई ईटला होती, तेव्हा घरात काय झालं आणि काय नाही हे तिला नेमकं ठाऊक नव्हतं. तिला वाटलं, दिलं असंल. लिवलेलं हाय तर दिलं असंल. ती गप्प बसली. हे औषध देण्याआधी कातडीखाली थोडंसं टोचून वाट बघायची असते. मागच्या वर्षी सोसलेलं कार्डावर दिसत होतं, त्यामुळं तशी गरज डॉक्टरांना वाटली नाही.

मी घागरी घरात ठेवून दवाखान्यात पोचले तेव्हा बाकावर आई नव्हती. आतून डॉक्टरांचा आवाज येत होता, कंपाउंडरला काहीतरी पुन्हा पुन्हा मागत होते. आई दारात उभी होती, पदर तोंडात धरून. मी तिच्या हाताखालून आत पाहिलं. अक्काचा चेहरा ओळखू येत नव्हता इतका सुजला होता. डॉक्टर दोन्ही हातांनी तिची छाती दाबत होते. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. बराच वेळ ते दाबत राहिले. मग कंपाउंडरनं त्यांच्या खांद्याला हात लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माळावर तिला पुरलं. जमीन इतकी कडक झाली होती की पहारीनं खणावी लागली. त्रिशरण बाबांनी सुरू केलं, पुढचं चुलत्यांनी म्हटलं.

दोन-तीन दिवसांनी डॉक्टर आमच्या घरी आले. एकटेच आले. आईनं घोंगडं टाकलं, त्यावर ते बसले नाहीत, उंबऱ्याच्या आत फरशीवरच बसले. बाबांना विचारलं, "तुम्हाला मुली किती?"

बाबा म्हणाले, "दोन हुत्या."

डॉक्टरांनी मान वर केली. मी चुलीजवळ बसले होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि मला विचारलं, "घसा तुझा दुखत होता?"

मी म्हणाले, "व्हय."

चुलीवरचा चहा उतू गेला, तो आईनं उतरवला नाही. डॉक्टर गुडघ्यांत डोकं घालून बसून राहिले. शेवटी म्हणाले, "मी विचारायला पाहिजे होतं. कार्ड बघितलं आणि विचारलंच नाही." बाबा त्यांना दारापर्यंत सोडायला गेले, कारण आलेल्या माणसाला दारापर्यंत सोडायची त्यांची रीत होती.

कारखान्यानं चौकशी केली. तीन संचालक, एक सेक्रेटरी. बाबांनाही बोलावलं. कार्ड टेबलावर ठेवलं होतं. त्यावरची प्रत्येक ओळ खरी होती. औषध दिलं होतं, मुलीला दिलं होतं, तिला काही झालं नव्हतं. सेक्रेटरी म्हणाले, "नोंदीत चूक कुठं दिसत नाही." बाबांनी तिथं एवढंच विचारलं की, कार्डावर माणसाचं नाव का नाही. तेव्हा त्यांना सांगितलं की पुढच्या छपाईला करू, हंगाम सुरू झाल्याशिवाय छपाईला मंजुरी मिळणार नाही. डॉक्टरांनी राजीनामा दिला. लोकांनी थांबवायचा प्रयत्न केला, बाबांनीही केला. ते थांबले नाहीत. माणूस म्हणून ते वाईट नव्हते, आणि त्यांच्यानंतर वर्षभर दवाखान्यात कायमचा डॉक्टर आला नाही.

त्या पावसाळ्यात मला हिवताप आला. बाबा मला घेऊन गेले. आई येईना. खिडकीत बाबांनी नंबर सांगितला. कंपाउंडर नवा होता, त्याला आमचं काही माहीत नव्हतं. त्यानं कार्ड काढलं आणि थबकला. मग म्हणाला, "साहेब, या कार्डावर मुलगी मयत लिवलंय."

बाबा म्हणाले, "ती दुसरी."

"पन कार्ड एकच हाय. बंद केलंय ह्ये."

मी बाबांच्या अंगावर रेलून उभी होते, थंडी वाजत होती. बाबा शांतपणे म्हणाले, "मग कोऱ्या कागदावर लिहा. हिचं नाव मी सांगतो." त्यानं कोरा कागद घेतला. बाबांनी माझं नाव सांगितलं, मग अक्षर न् अक्षर सुटं करून पुन्हा सांगितलं, जसं ते अडाणी माणसाला सही शिकवताना सांगायचे. घरी येताना सायकल हातात धरून चालत आले. मी कॅरियरवर बसले होते. त्यांची पाठ हलत होती. ते रडत आहेत हे मला उशिरा कळलं.

बाबा त्याच कारखान्यातून निवृत्त झाले. दुसरीकडं जायचं कुठं होतं? कार्डांवर पुढं नावाचा रकाना आला. आई त्या दवाखान्याची पायरी पुन्हा चढली नाही. दुखलं-खुपलं तर एसटीनं बार्शीला जायची, नाहीतर अंगावर काढायची.

आई गेली त्याच्या आदल्या वर्षी न्हाणीत पडली आणि मी तिला सोलापूरला एका मोठ्या दवाखान्यात नेलं. तातडीच्या विभागात काउंटरवर कॉम्प्युटर होता. मुलीनं आईचं नाव टाइप केलं आणि पडद्यावर त्याच नावाच्या पाच-सहा बायका आल्या. ती आमच्याकडं न बघता म्हणाली, "यातल्या कुठल्या?" मी गाव सांगितलं, वय सांगितलं. तिनं एक ओळ निवडली आणि लगेच म्हणाली, "यांना शुगर आहे ना? गोळी चालू आहे."

आईला साखर नव्हती. मी तसं सांगितलं. मुलगी म्हणाली, "सिस्टीमला दाखवतंय."

आई स्ट्रेचरवर होती. खुबा मोडलेला, बोलताना दम लागत होता. तिनं त्या मुलीला हाक मारली, "बाई, हिकडं ये. माझ्या तोंडाकडं बघून ईचार." मुलगी जरा वरमली. उठून आली. तिनं आईला नाव विचारलं, नवऱ्याचं नाव विचारलं, गाव विचारलं, आजार विचारले. आईनं एकेक सांगितलं. मुलगी परत जाऊन बसली, जुनी ओळ बंद केली आणि नवी उघडली. मी तिच्या मागं उभी राहून पडदा वाचत होते. मागं रांग वाढली होती, एक माणूस कुरकुरत होता. मी हलले नाही.

मग वॉर्डबॉयनं स्ट्रेचर एक्स-रेकडं ढकललं आणि मी बरोबर चालू लागले. आईनं माझं मनगट धरलं होतं. तिचा हात गार होता.