धुळाजीचं रगत आणि रतनबाईचा चहा

सिरसाळ्याकडच्या चतुराबाई धनगरणीला गप करायचं तर तिला झोपवावं लागे, आणि झोपेतही ती मेंढरांना हाका मारीच. पण बहात्तरच्या मोठ्या दुष्काळात ही बया आठवडाभर मुकी झाली. सगळा गाव कोड्यात पडला. कारण होतं रतनबाई, म्हणजे होऊ घातलेली विहीण.

चतुराबाईच्या लेकीचं, छबूचं, रतनबाईच्या लेकाशी, सटवाशी, जवळजवळ ठरलं होतं. बोलणी करायला चतुराबाईचा नवरा धुळाजी गेला. रतनबाईनं सगळ्यांना कपात चहा दिला आणि त्याला नारळाच्या करवंटीत. धुळाजीला मागं क्षय झाला होता. औषधं पुरी करून तो ठणठणीत झाला होता, पण रतनबाईचं आपलं एकच.

"खोकला गेला आसंल, रगत कसं बदलन? बापाचं रगत लेकीत, लेकीचं माझ्या नातवात."

आणि पुढं पाण्याच्या टँकरवर छबू दिसली तेव्हा बाजारात मेंढी घ्यावी तशी तिनं तिच्या बरगड्यांवर नजर फिरवली ती वेगळीच.

तेवढ्यात सोसायटीच्या गोदामात, जिथं मिलो, म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, वाटत होते, तिथं शहरातून एक डॉक्टरीण आली. रक्तात काही प्रथिनं असतात म्हणे, आणि त्यांचे प्रकार आईबापाकडून येतात. एखाद्या प्रकाराच्या माणसाला क्षय जास्त होतो का, हे तिला बघायचं होतं. म्हणून क्षय झालेल्यांचंही रक्त पाहिजे होतं आणि न झालेल्यांचंही.

चतुराबाईची वाचा परत आली. "रगतातलं कसं दिसतं बाई?"

"बटाट्याच्या पिठाची खळ शिजवून थापायची. तिच्यात रक्तातलं पाणी सोडून वीज द्यायची. मग प्रकाराप्रमाणे पट्टे उठतात."

"आमी मिलोच्या भाकरी चावून दात झिजवले, आन् तुमी रगताला बटाटा खाऊ घालता व्हय?"

डॉक्टरीण हसली तशी ही खूश. दुसऱ्या दिवशी तिनं धुळाजीला शेळीचं दूध आणि गूळ पाजूनच गोदामात आणलं, रगत जरा बरं दिसावं म्हणून.

"अगं, परीक्षा माझी हाय का गुळाची?" धुळाजी कुरकुरला.

पण नुसतं नवऱ्याचं रगत देऊन काय उपयोग? रतनबाईनं कुठं मानलं असतं. मग चतुराबाई टँकरच्या रांगेत तिला गाठून हळूच म्हणाली, "रतनबाई, तुमी नका येऊ बरं का. नामी रगत लागतंय म्हनं. तुमच्या घरचं घेतेत का न्हाई, कोनाला ठावं."

रतनबाई घागर रांगेतच सोडून तरातरा गोदामात गेली आणि हात पुढं करून बसली.

पाऊस पडून रानं हिरवी झाल्यावर डॉक्टरीण परत आली. तेव्हा मात्र चतुराबाई गोदामाच्या दारातच थबकली. रगतातच रोग निघाला तर छबूचं लगीन मोडणार, आणि ऐकायला विहिणीला हिनंच आणून बसवलेली.

डॉक्टरीण म्हणाली, "तीन प्रकार निघाले. कोकराला रंग येतो तसे हे प्रकार आईबापाकडून येतात. पण आजारी माणसांत आणि बऱ्या माणसांत तिन्ही प्रकार सारखेच सापडले. आमच्या तपासणीत तरी त्यांचा क्षयाशी संबंध दिसला नाही. क्षय जंतूंनी होतो, खोकल्यातून पसरतो."

रतनबाई हटून बसली. "धुळाजीचं रगत कंच्या परकारचं?"

"तिसऱ्या."

"आन् माझं?"

"तुमचंही तिसऱ्याच."

चतुराबाईनं पदर तोंडाला लावला, पण तिच्यानं राहवतंय होय. "इहीनबाई, मंग तुमाला खोकला कवापसनं हाय?"

सगळं गोदाम हसलं. रतनबाई मात्र हसली नाही. जन्म मेंढरांत गेलेली बाई ती, विचारात पडली. "खुरीचा रोग येतो तवा काळं मेंढरू बघतो का पांढरं?" ती स्वतःशीच पुटपुटली. मग उठली. "चला धुळाजीभाऊ, घरी. पोरांची तारीख काढू."

घरी तिनं पहिला कप धुळाजीच्या हातात दिला, बशीसकट. त्यानं तो दोन्ही हातांनी धरला. मग सटवाला, मग सोबत आलेल्या डॉक्टरणीला. चतुराबाईची पाळी आली तेव्हा कप संपले होते.

रतनबाईनं कोनाड्यातली ती करवंटी काढली, फुंकर मारून पुसली आणि तिच्यात काठोकाठ चहा ओतला.

"घ्या इहीनबाई. टँकरपाशी माझी घागर ऱ्हायली व्हती, त्या दिवशी पानी न्हाई भेटलं मला."

आयुष्यात दुसऱ्यांदा चतुराबाई मुकी झाली. चहा मात्र तिनं करवंटी पुढं करून आणखी दोनदा घेतला.