चहाच्या पातेल्यातला थर्मोस्टॅट

आमचे बाबा अंबडच्या कारखान्यात फिटर होते. त्यामुळे रिटायर झाल्यावरही गाडी मेकॅनिककडे न्यायची म्हणजे त्यांना कमीपणा वाटतो. उन्हाळ्यात गाडी तापली, तर पठ्ठ्याने स्वतः इंजिनातला थर्मोस्टॅट काढून फेकून दिला! "असली फॅडं बर्फाच्या देशात. नाशिकला काय करायचाय?" गाडी तापायची थांबली आणि बाबांनी हे अख्ख्या कॉलनीला सांगितलं.

दर रविवारी सकाळी ते आईला ओझरला मावशीकडे न्यायचे. तिथल्या विहारात वंदना, मग जेवण. डिसेंबरात आईने जाणं बंद केलं. कधी गुडघा, कधी कंटाळा. एक दिवस बाबा मला हळूच म्हणाले, "गाडी विकतोय. उद्या माणूस बघायला येणारे. तुझ्या आईला आता माझ्या गाडी चालवण्याची भीती वाटते. सत्तरी झाली ना." बोलताना त्यांचा आवाज इतका पडला, की मला रडूच आलं.

मी तडक आईला गाठलं. ती म्हणाली, "भीती कसली गं? हीटर लावला तरी गार वारा येतो. ओझर येईपर्यंत दम लागतो मला. पण त्यांनी एवढ्या हौसेनं दुरुस्त केलीय, कसं सांगू?"

धन्य आहे या दोघांची! मी बाबांना सगळं सांगून टाकलं, चांगलं झापलंसुद्धा. ते चपला घालून बाहेर पडले. तासाभरात नवा थर्मोस्टॅट घेऊन आले आणि बसवण्याआधी तपासायला म्हणून सरळ आईच्या चहाच्या पातेल्यात पाणी तापत ठेवून त्यात टाकला.

"अहो, चहाचं पातेलं आहे ते!"

"थांब गं. बघ, आत्ता झडप बंद आहे. इंजिन गार असतं तेव्हा ती पाणी आतल्या आत फिरवते, म्हणजे ते लवकर तापतं. त्याच पाण्यावर हीटर चालतो. मी झडपच काढली, मग पाणी पहिल्यापासून रेडिएटरमध्ये जाऊन गार होत राहिलं." पाण्याला उकळी फुटायच्या आधीच झडप हळूहळू उघडली. "आतलं मेण फुगलं. आता जास्तीची उष्णता बाहेर जाणार. जुना बंदच अडकला होता, म्हणून गाडी तापत होती. तेव्हाच नवा टाकायला हवा होता. माझंच चुकलं."

मग पातेल्यात बघतच म्हणाले, "मला वाटलं, तू मला घाबरतेस."

"मी?" आई म्हणाली. "पुढे एक पोर, मांडीवर एक पोर, पायाशी गॅसची टाकी, अशी स्कूटरवर बसलेय तुमच्या मागे. तेव्हा घाबरले नाही, ती आता घाबरू?"

बाबांनी गॅस बंद केला. खिशातून मोबाईल काढून गाडी बघायला येणाऱ्या माणसाला फोन लावला.

"उद्या येऊ नका," ते म्हणाले. "आमच्या मिसेसना रविवारी गाडी हवी असते."